सही नसलेले पत्र

बँकेत सदतीस वर्षे काढल्यावर माणसाला एक खोड लागते. हाती कुठलाही कागद आला की नजर आधी तळाशी जाते. सही कुणाची, ती नमुन्याशी जुळते का, तारीख कुठली, हे आधी. मजकूर मग सावकाश. घरी लग्नपत्रिका आली तरी मी आधी निमंत्रकांची नावे वाचतो, यावरून घरचे माझी थट्टा करतात.

या खोडीमागे एक प्रसंग आहे. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. आमच्या रोखपालाविरुद्ध एक निनावी पत्र आले. एका म्हाताऱ्या विधवेच्या पेन्शनीतले पैसे तो दर महिन्याला मारतो, असा आरोप होता. म्हातारीचे नाव नाही, लिहिणाऱ्याचेही नाही. वरिष्ठांनी चौकशी लावली. खातेवह्या तपासल्या गेल्या, पेन्शन घेणाऱ्या झाडून साऱ्या बायकांना विचारून झाले. काही म्हणता काही निघाले नाही. रोखपाल निर्दोष असल्याचा अहवाल माझ्या कपाटात जाऊन पडला. पण पत्रातली ती म्हातारी, कशी कोण जाणे, गावभर फिरून आली होती. पुढचे वर्षभर लोक त्याच्या खिडकीवर घेतलेल्या नोटा तिथेच उभे राहून दोनदोनदा मोजत. अहवाल कुणी वाचला नाही. पत्र तरी कुठे कुणी वाचले होते? पण म्हातारी सगळ्यांना ठाऊक होती.

पुढे फेब्रुवारी १९९८ मध्ये दुपारच्या चहाबरोबर पेपर चाळताना इनॉक पॉवेल या ब्रिटिश राजकारण्याच्या निधनाची बातमी दिसली आणि मला आमचा रोखपाल आठवला. त्याचे कारण सांगायचे तर या माणसाचे सबंध आयुष्यच सांगायला हवे. ज्यांची मुले-नातवंडे आज परदेशात स्थिरावली आहेत, किंवा तिकडे जायची तयारी करताहेत, त्यांनी तरी ते ऐकण्याजोगे आहे. बाहेरून माणसे किती येऊ द्यायची, या एका प्रश्नावर आज निम्म्या जगातल्या निवडणुका लढल्या जातात. तो प्रश्न मतदारापुढे कसा मांडायचा, याचा धडा या गृहस्थाने १९६८ साली घालून दिला. तो धडा आजही गिरवला जातो.

जॉन इनॉक पॉवेल यांचा जन्म १६ जून १९१२ चा, बर्मिंगहॅमजवळच्या स्टेचफर्डचा. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आईही लग्नाआधी शिक्षिका. एकुलते एक मूल. घरात पैसा बेताचा, पुस्तके मात्र भरपूर. आईने स्वतः ग्रीक शिकून ती भाषा मुलाला शिकवली. आजोबांनी पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची माहिती हा तीन वर्षांचा पोरगा खुर्चीवर उभा राहून पाहुण्यांना सांगे. म्हणून घरात त्याचे नाव पडले प्रोफेसर. पुढे ते नाव खरे झाले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ग्रीक आणि लॅटिनमधली एकेक पारितोषिके त्याने खिशात घातली आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. एवढ्यावरही स्वारी नाराजच होती, कारण नीत्शे हा जर्मन तत्त्वज्ञ चोविसाव्या वर्षी प्राध्यापक झाला होता!

१९३८ साली पॉवेल यांचा हिरोडोटसचा कोश प्रसिद्ध झाला. हिरोडोटस हा ग्रीकांचा आद्य इतिहासकार. त्याच्या ग्रंथातला प्रत्येक शब्द, तो कुठे कुठे आणि कोणत्या अर्थाने येतो, याची ही सूची. संगणक नव्हता, सगळे काम हाताने. अशा कामाला काय चिकाटी लागते हे मी सांगू शकतो. वर्षअखेरीला ताळेबंद जुळवताना एका पैशाच्या फरकासाठी आम्ही रात्री जागवल्या आहेत. पुरावा हातात आल्याशिवाय एक शब्दही लिहायचा नाही, अशा शिस्तीत हा माणूस वाढला होता, एवढे ध्यानात ठेवावे.

१९३९ मध्ये युद्ध पेटले. पॉवेल सिडनीची नोकरी सोडून मायदेशी परतले आणि साधे शिपाई म्हणून पलटणीत भरती झाले. शिपाई म्हणून शिरून युद्ध संपेतो ब्रिगेडियर झालेली माणसे त्या अवाढव्य सैन्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतले हे एक. उत्तर आफ्रिकेत लष्करी गुप्तवार्ता विभागात काम केल्यावर १९४३ मध्ये त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यात आले. आणि येथे या कोरड्या, एकलकोंड्या पंडिताच्या आयुष्यात प्रेम आले. प्रेम एखाद्या मुलीवर नव्हे, तर देशावर. इथल्या इमारती, इथली माणसे, इथल्या भाषा यांनी ते भारून गेले. उर्दू शिकले, आणि शिकले म्हणजे पॉवेल शिकत तसे, मुळापासून. परत लंडनला गेल्यावरही तो अभ्यास त्यांनी चालू ठेवला. या देशाचा व्हॉइसरॉय व्हायचे, ही एकच महत्त्वाकांक्षा त्यांनी मनाशी धरली. त्या खुर्चीचा रस्ता ब्रिटिश संसदेतून जातो, म्हणून ते राजकारणात उतरले.

पण रस्ताच संपला. फेब्रुवारी १९४७ मध्ये पंतप्रधान ॲटली यांनी हिंदुस्थान सोडून जाण्याची घोषणा केली. त्या रात्री पॉवेल यांना झोप आली नाही. लंडनच्या रस्त्यांवरून ते रात्रभर भटकत राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्याकडे ज्या बातमीने घरोघर आनंद झाला, त्या बातमीने हा गोरा माणूस सुतकात गेला. आपण त्याला हसावे की त्याची कीव करावी, कळत नाही. त्याचे प्रेम खोटे नव्हते. पण ते मालकाचे प्रेम होते. आपल्या ताब्यात असलेला हिंदुस्थान त्याला जीव की प्राण होता. तोच हिंदुस्थान पासपोर्ट घेऊन दारात उभा राहील, याची कल्पना त्याने केली नव्हती.

आणि तसे घडायला फार दिवस लागले नाहीत. १९५० च्या निवडणुकीत पॉवेल हुजूर पक्षातर्फे वुल्व्हरहॅम्प्टन नैर्ऋत्य या मतदारसंघातून निवडून आले. मताधिक्य अवघे ६९१. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. शेवटी तो पुन्हा येणार आहे. वुल्व्हरहॅम्प्टन हे बर्मिंगहॅमला लागून असलेले कारखान्यांचे गाव. फाउंड्र्या, गुडइयरचा टायरांचा कारखाना, धूर आणि भोंगे. युद्धानंतर इंग्लंडला माणसांची चणचण होती. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने साम्राज्यातल्या आणि राष्ट्रकुलातल्या लोकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्या-कमावण्याचा हक्क होता. मग वेस्ट इंडीजमधून, पंजाबातून, पाकिस्तानातून माणसे आली. भट्टीपुढच्या, रात्रपाळीच्या, गोऱ्या कामगारांना नको असलेल्या जागा त्यांनी भरल्या. राष्ट्रकुलातल्या रहिवाशांना तिथे मतदानाचाही हक्क. त्यामुळे पॉवेल यांच्या मतदारयादीत जालंधरकडची नावे दिसू लागली, आणि पॉवेल त्यांच्याशी उर्दूत बोलत, अशा आठवणी नमूद आहेत.

त्या काळातले पॉवेल पाहिले तर पुढच्या पॉवेलांशी त्यांची ओळख पटणे कठीण जाते. १९५९ साली केनियातल्या होला येथील छावणीत पहारेकऱ्यांच्या मारहाणीत अकरा आफ्रिकी कैदी मेले. सरकार हुजूर पक्षाचे, म्हणजे पॉवेल यांच्याच पक्षाचे. प्रकरण दडपले जात होते. त्या वेळी मध्यरात्र उलटल्यावर, अर्ध्या रिकाम्या सभागृहात पॉवेल उठले आणि आफ्रिकेत एक न्याय व इंग्लंडात दुसरा न्याय असे चालणार नाही, हे त्यांनी आपल्याच सरकारला सुनावले. भाषण संपवून बसले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, असे म्हणतात.

पुढे १९६० ते ६३ ते आरोग्यमंत्री होते. ब्रिटनची सरकारी रुग्णालये त्या काळात चालत होती ती बाहेरून आलेल्या तरुण डॉक्टरांच्या आणि वेस्ट इंडीजच्या परिचारिकांच्या जिवावर. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेली कितीतरी मराठी मुले याच सुमारास बोटीने नाही तर विमानाने तिकडे गेली. आमच्या वाड्यातले डॉक्टरकाका त्यांतलेच. १९६३ साली ते मिडलंड्समधल्या एका रुग्णालयात रुजू झाले. त्यांची निळी हवाई पत्रे वाड्यात यायची आणि त्यांच्या आई ती चौकात बसून सगळ्यांना वाचून दाखवायच्या. शेवटी ठसठशीत मराठी सही. सहीवरून त्या माउली हात फिरवायच्या. मी तेव्हा अगदी लहान असेन. ही आठवण नंतरच्या पत्रांची.

आता वळू या त्या मूळ प्रश्नाकडे: माणसे किती येऊ द्यायची? हा प्रश्न विचारणे म्हणजे पाप नव्हे. घरे अपुरी होती, शाळांचे वर्ग भरले होते, ज्यांच्या गल्लीत दोनतीन वर्षांत सगळे शेजारी बदलले त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बावरल्यासारखे होत होते. दुसऱ्या बाजूला कारखान्यांना हात हवे होते आणि रुग्णालयांना डॉक्टर. दोन्ही गोष्टी खऱ्या. अशा वेळी राज्यकर्त्यांनी लोकांपुढे बसून हिशेब मांडायचा असतो. तो कुणी मांडला नाही. १९६२ साली हुजूर सरकारने परवान्याची पद्धत आणली. कायदा येणार असे कळताच त्याआधी पोचण्यासाठी उलट झुंबड उडाली. शिवाय चार पैसे कमावून परत जायचे म्हणून आलेले गडी, आता एकदा गेलो तर पुन्हा शिरता येणार नाही, या भीतीने बायकामुलांना बोलावून घेऊ लागले. दार लोटायला जावे आणि वाऱ्याने ते सताड उघडावे, तशातला प्रकार झाला.

१९६४ च्या निवडणुकीत वुल्व्हरहॅम्प्टनपासून जवळच असलेल्या स्मेदिकमध्ये या प्रश्नाची ताकद सर्वांना दिसली. देशभर वारे मजूर पक्षाच्या बाजूने वाहत होते. सरकार आले तर परराष्ट्रमंत्री होणार हे ठरलेले मजूर पक्षाचे पॅट्रिक गॉर्डन वॉकर स्मेदिकमध्ये मात्र पडले. तिथल्या प्रचारात काळ्या शेजाऱ्यांची भीती घालणारी एक अत्यंत घाणेरडी घोषणा गल्लोगल्ली फिरत होती. विजयी उमेदवार पीटर ग्रिफिथ्स यांनी ती आपली म्हटली नाही, पण तिचा धिक्कारही केला नाही. दोन्ही पक्षांनी वरवर नाके मुरडली आणि मनातल्या मनात नोंद करून ठेवली. पॉवेल त्या वर्षी मात्र गप्प होते. माणसामाणसांत मूळ देशावरून फरक करण्याला आपला विरोध आहे, असे त्यांनी स्थानिक वृत्तपत्रात लिहिलेसुद्धा. पुढल्या वर्षी पक्षनेतेपदाची निवडणूक झाली. एडवर्ड हीथ यांना १५० मते, रेजिनल्ड मॉडलिंग यांना १३३ आणि पॉवेल यांना १५. असामान्य बुद्धीच्या माणसाला सामान्य बुद्धीच्या माणसांनी दाखवलेली ही जागा त्यांच्या जिव्हारी लागली असणार.

१९६७ च्या अखेरीस केनियातल्या भारतीय वंशाच्या लोकांवर तिथल्या सरकारने निर्बंध घातले. यांतल्या बहुतेक गुजराती-पंजाबी कुटुंबांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. ते विमाने भरून लंडनला उतरू लागले. मजूर सरकारने घाईघाईने तीन दिवसांत कायदा करून आपलेच पासपोर्ट असलेल्या या लोकांना अडवले. म्हणजे उदारमतवादी म्हणवणारे सरकारही आतून घाबरलेले होते. त्याच सरकारने, तोल सांभाळायचा म्हणून की काय, घर आणि नोकरी देताना वर्णभेद करण्यावर बंदी घालणारे विधेयक आणले. पॉवेल यांनी नेमकी ही वेळ साधली.

शनिवार, २० एप्रिल १९६८. बर्मिंगहॅमच्या मिडलंड हॉटेलातली एक खोली. श्रोते असतील पाऊणशे-शंभर. पण भाषणाच्या प्रती वृत्तपत्रांकडे आधीच पोचल्या होत्या आणि टेलिव्हिजनचा कॅमेरा हजर होता. शनिवारी दुपारी बोलले की रविवारच्या अंकांत ठळक जागा मिळते, ही युक्ती पॉवेल यांना त्यांचे स्नेही, वुल्व्हरहॅम्प्टनच्या 'एक्स्प्रेस अँड स्टार' या दैनिकाचे संपादक क्लेमेंट जोन्स यांनीच शिकवली होती.

त्या भाषणात चार गोष्टी होत्या. पहिली, आकडा: सन २००० पर्यंत बाहेरून आलेले आणि त्यांची संतती मिळून ५० ते ७० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे एक दशांश होतील. दुसरी, एक आरोप: वरचे लोक हे तुमच्यापासून लपवत आहेत. तिसरी, एक म्हातारी. आणि चौथी, एक भविष्यवाणी, जी त्यांनी रोमन महाकवी व्हर्जिलच्या काव्यातल्या रक्ताने फेसाळलेल्या टायबर नदीच्या प्रतिमेतून सांगितली. त्यावरूनच हे भाषण पुढे रक्ताच्या नद्यांचे भाषण म्हणून ओळखले गेले, जरी नेमके ते शब्द त्यात नाहीत.

या चौघांत सर्वांत जास्त काम केले ते म्हातारीने. नॉर्थंबरलंडहून एका बाईने आपल्याला पत्र लिहिले आहे, असे पॉवेल यांनी सांगितले. पत्रात वुल्व्हरहॅम्प्टनमधल्या एका पेन्शनर वृद्धेची हकीकत. नवरा आणि दोन्ही मुलगे युद्धात गेलेले. मोठे घर, भाडेकरू ठेवून गुजराण. मग गल्लीत काळे लोक राहायला आले, गोरे निघून गेले. ती एकटी उरली. तिच्या खिडक्या फुटतात, पत्राच्या फटीतून घाण टाकली जाते, बाहेर पडली की पोरे मागे लागतात. आकडे कुणाच्या लक्षात राहतात? पण प्रत्येकाच्या घरात एक आजी असते. त्या रविवारी इंग्लंडातल्या प्रत्येक माणसाने या म्हातारीच्या जागी आपली आजी पाहिली.

जोन्स यांच्या वार्ताहरांनी त्या म्हातारीला शोधायला गाव पालथे घातले, मतदारयाद्या चाळल्या. ती सापडली नाही. कित्येक वर्षांनी एका दिवंगत बाईचे नाव पुढे आले. ते खरे मानले, तरी त्या वेळी ती कुणाला दिसली नव्हती, हे उरतेच. नॉर्थंबरलंडच्या पत्राखाली सही असेलही, पण ती एकट्या पॉवेल यांनी पाहिली. पुढे 'संडे टाइम्स'ने त्यांच्यावर वर्णद्वेषाचा ठपका ठेवला, तेव्हा त्यांनी बदनामीचा दावा लावला. कोर्टात ती पत्रे हजर करण्याची वेळ आली, आणि लिहिणाऱ्यांना गुप्ततेचे वचन दिले आहे असे सांगून पॉवेल यांनी दावाच मागे घेतला. हिरोडोटसचा एकेक शब्द जागेवर जाऊन पडताळणारा हा विद्वान! त्याने आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद न पडताळता, ऐकीव गोष्टीच्या भरवशावर, सबंध देशाच्या खिडकीतून वटवून घेतला. मला हे कोडे अजून सुटलेले नाही. कदाचित त्याला ती म्हातारी खरी असायला हवी होती. आपल्याला हवे तेच सांगणाऱ्या पत्राची सही कोण तपासतो?

दुसऱ्याच दिवशी हीथ यांनी पॉवेल यांना पक्षाच्या सावली मंत्रिमंडळातून काढून टाकले. दोन दिवसांनी लंडनच्या गोदीतले सुमारे हजार कामगार पॉवेल यांच्या समर्थनासाठी संसदेवर चालून गेले. गोदी कामगार म्हणजे मजूर पक्षाची हक्काची मते! टपालखाते पोत्यांनी पत्रे आणून टाकू लागले. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली, आणि बहुतेक साऱ्यांचा सूर एकच होता. गॅलपच्या पाहणीत शंभरातल्या ७४ जणांनी पॉवेल यांना पाठिंबा दिला. आणि त्याच एप्रिलच्या अखेरीस खुद्द वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या एका कुटुंबाच्या बाळाच्या नामकरणाच्या मेजवानीवर गोऱ्या पोरांच्या टोळीने हल्ला केला. ही पोरे पॉवेल यांच्या नावाचा गजर करत होती, असे वृत्तपत्रांत आले. जोन्स आणि पॉवेल यांची मैत्री त्या दिवसांत तुटली ती तुटलीच.

डॉक्टरकाकांचे एक पत्र त्याच उन्हाळ्यातले. मी तेव्हा सातआठ वर्षांचा. नेहमीसारखे वाचन सुरू झाले आणि काकांच्या आई मध्येच थांबल्या. वॉर्डातल्या एका वृद्ध रुग्णाने काकांना अंगाला हात लावू दिला नव्हता. गोरा डॉक्टर रजेवर होता. दोन दिवस तो म्हातारा कण्हत पडून राहिला, तिसऱ्या दिवशी त्याने मान वळवून हात पुढे केला. काकांनी एवढेच लिहिले होते, तक्रारीचा सूर नव्हता. पुढे नेहमीप्रमाणे हवापाणी, बाळाचा दात, आणि सही. अशी सहीनिशी पत्रे त्या वर्षी पंजाबात, जमैकात, कराचीत किती गेली असतील! ती कुठल्या भाषणात वाचली गेली नाहीत. त्या म्हाताऱ्याचाही मला राग येत नाही. त्याला कुणी तरी सांगितले होते की हा माणूस तुझ्या घरात शिरला आहे. घरात शिरलेला माणूस नाडी पाहायला आला आहे, हे कळायला त्याला दोन दिवस लागले.

यापुढची कथा राजकीय पक्षांची. पॉवेल वाळीत पडले, पण त्यांचे गिऱ्हाईक सगळ्यांना हवे होते. जून १९७० मध्ये सारे अंदाज मजूर पक्षाच्या बाजूचे असताना हुजूर पक्ष जिंकला. या विजयाला पॉवेल यांच्या भाषणाने ओढलेल्या मतांचा हातभार होता, असे पुढे अभ्यासकांनी मांडले. त्यांचे स्वतःचे मताधिक्य दुपटीहून वाढले. हीथ पंतप्रधान झाले आणि १९७१ च्या कायद्याने त्यांनी दार जवळजवळ बंद केले. माणूस काढून टाकला, त्याचा माल ठेवून घेतला. मात्र हीथ यांचे श्रेय हीथ यांना द्यायला हवे. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या सुमारे २८ हजार लोकांना, पॉवेल यांचा विरोध डावलून, त्यांनी देशात घेतले. फेब्रुवारी १९७४ मध्ये पॉवेल यांनी युरोपीय बाजारपेठेच्या प्रश्नावरून स्वतःच्याच पक्षाविरुद्ध, मजूर पक्षाला मत द्या, असा सल्ला मतदारांना दिला. हीथ यांची सत्ता थोडक्यात गेली. १९७८ च्या जानेवारीत मार्गारेट थॅचर टेलिव्हिजनवर लोकांच्या याच भीतीबद्दल सहानुभूतीने बोलल्या आणि पाहण्यांत त्यांचा पक्ष टुणकन वर गेला. आपल्याकडची उदाहरणे वाचकांना ठाऊक आहेतच. ती सांगायला मी लागत नाही.

पॉवेल पुढे उत्तर आयर्लंडमधून १९८७ पर्यंत खासदार राहिले. मंत्रिपद पुन्हा कधी मिळाले नाही. म्हातारपणी हिब्रू शिकले, बायबलवर पुस्तक लिहिले. ८ फेब्रुवारी १९९८ रोजी गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे ब्रिगेडियरच्या गणवेशात त्यांना पुरण्यात आले.

आता हिशेब. बँकेतल्या माणसाने तो टाळू नये. पॉवेल यांचा आकडा किती चुकला? २००१ च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये अल्पसंख्य वंशाचे लोक सुमारे ४६ लाख, ७.९ टक्के भरले. म्हणजे आकडा थोडा फुगलेला, पण फार चुकलेला नव्हता. त्यांना नुसते खोटे ठरवणाऱ्यांनी हे मान्य करावे. चुकला तो आकड्यापुढचा निष्कर्ष. माणसे तेवढी आली. पण ती आली म्हणजे देश पेटणार, हे झाले नाही. दंगे झाले, १९८१ मध्ये झाले, नंतरही झाले. मन कडवट करणाऱ्या गोष्टी दोन्हीकडून घडल्या. पण त्याच गल्ल्यांत दुकाने चालली, लग्ने झाली, मुले एका वर्गात शिकली. पॉवेल यांना दिसल्या त्या फक्त बेरजा. समोरचा माणूस शेजारी होऊ शकतो, ही नोंद त्यांच्या वहीत नव्हती. आणि नवल हे की, जे त्यांचे विरोधक होते, त्यांनीही लोकांना शेजाऱ्याची गोष्ट सांगितली नाही. ते चिडले, त्यांनी नावे ठेवली, आणि आतून कायदे कडक करत राहिले. ज्या मतदाराला भीती वाटते त्याला दटावून ती जात नाही. त्याच्यापुढे खरी म्हातारी आणावी लागते, खरा डॉक्टर आणावा लागतो, नावगावासकट.

पॉवेल यांचा मतदारसंघ मध्यंतरीच्या काळात मजूर पक्षाकडे गेला होता. २०१० च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने तो परत मिळवला. विजयी उमेदवाराचे नाव पॉल उप्पल. शीख. जन्म स्मेदिकचा, ज्या गावात १९६४ साली ती घाणेरडी घोषणा फिरली होती. आईवडील पूर्व आफ्रिकेतून आलेले, म्हणजे ज्या लोकांच्या येण्याने पॉवेल अस्वस्थ झाले होते, त्यांच्यापैकी. पक्ष पॉवेल यांचाच.

मताधिक्य मोजले गेले, तेव्हा ते भरले ६९१. कमी नाही, जास्त नाही. १९५० साली पॉवेल यांना मिळाले होते तेवढेच. मी हा आकडा प्रथम वाचला तेव्हा, सवयीप्रमाणे, दोनदा तपासून पाहिला. बरोबर आहे.